जहाज कुठल्या अंगाला गेलं

हरणाबाईंनी आयुष्यात एकच पिक्चर पाहिला आणि तोही अर्धवट. पण त्या पिक्चरवरून त्यांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, तानाजींचं, पन्नास वर्षं भांडण चालू होतं. मला ते गेल्या ज्येष्ठात समजलं, तेही प्रांजलच्या फॉर्मवरून.

प्रांजल ही हरणाबाईंची नात. आटपाडीपासून सात-आठ किलोमीटरवर मेंढपाळांची वस्ती आहे, तिथली. दिवाळी झाली की ही सगळी माणसं मेंढ्या घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि ज्येष्ठात परत येतात. मी मूळचा आष्ट्याचा, उसाच्या मळ्यातला, पण नोकरी सगळी या कोरड्या मुलखात झाली. निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. दर शनिवारी वस्तीच्या शाळेत मुलांशी गप्पा मारायला जातो. विज्ञान शिकवतो असं म्हणतात, पण खरं तर मुलंच विचारतात आणि मी त्यांच्याबरोबर शोधतो.

प्रांजल वर्षातले आठ महिने तळावर, म्हणजे मेंढ्यांच्या फिरत्या मुक्कामावर, असायची. संध्याकाळी रेंज मिळेल अशा टेकडीवर चढून मला फोन करायची आणि गणितं विचारायची. मागून कोकरांचा आवाज यायचा. तिने साताऱ्याच्या एका मुलींच्या निवासी शाळेची परीक्षा दिली आणि यादीत तिचं नाव आलं. सातवीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि सोमवारी तो साताऱ्यात पोचायला हवा होता.

तिचा बाप सूरज म्हणाला, आई म्हणेल तसं. प्रांजलच्या आईनेही सासूवरच सोडलं. म्हणून मी हरणाबाईंकडे गेलो. त्या छपराखाली बसून लोकर पिंजत होत्या. शेजारी तानाजी बसले होते. ते तरुणपणीच मेंढ्या सोडून तासगावला गेले आणि बेदाण्याच्या शेडवर कामाला राहिले. आता बहिणीला भेटायला आले होते, येताना पिशवीभर बेदाणे घेऊन.

हरणाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. शाळा चांगली आहे, सुट्टीत पोरगी घरी येईल, मी स्वतः पोचवायला जाईन, हेही ऐकलं. मग हातातली लोकर खाली ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, तुमी मला सही करायला शिकवली. तुमचा शबुद मी मोडत न्हाई. पण लांब गेलेलं माणूस मागारी येत न्हाई. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय."

मला वाटलं, त्यांचं कुणी जवळचं माणूस गेलं असणार. मी हळूच विचारलं, कोण?

"त्यो जहाजातला," त्या म्हणाल्या.

तानाजी हसले. "आली का तुझी गाडी तितंच? आगं, त्यो मागारी येतच हुता."

"जात हुता."

"येत हुता, हरणे."

अशी सुरुवात झाली. मग दोघांनी मिळून, एकमेकांना अडवत, मला सगळी गोष्ट सांगितली.

हरणाबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, तानाजी बारा-तेराचे. तळ घाटाकडे निघालेला होता आणि विट्याच्या पुढे एका गावाजवळ मुक्काम पडला होता. गावात जत्रा होती आणि जत्रेत तंबूचं थेटर आलं होतं. पिक्चर परदेशातला, काळा-पांढरा, तेव्हाच जुना झालेला. बोलणं हिंदीत केलेलं, पण या मुलांना तेही फारसं कळत नव्हतं. फाटक्या पोस्टरवर नाव उरलं नव्हतं. सगळे म्हणायचे, जहाजाचा पिक्चर.

गोष्ट अशी होती. आभाळात फार लांब, एका अंधाऱ्या चंद्रावर दिवा लावायला एका माणसाला पाठवतात. तो दिवा लागला की मागून जाणाऱ्या जहाजांना वाट दिसणार. माणूस एकटाच. सोबतीला एक यंत्र, ते त्याच्याशी बोलतं. तो जातो, दिवा लावतो आणि मध्यंतर होतं. नंतर बोलणारं यंत्र बिघडतं, सगळं गप्प होतं आणि ते जहाज काळ्या आभाळातून एकटंच चाललेलं दिसतं. चाललेलं दिसतं, चाललेलं दिसतं आणि तंबूचं इंजिन बंद पडतं. डिझेल संपलं. थेटरवाल्याने ओरडून सांगितलं की पिक्चर संपला, घरी जा. सगळे उठून घरी गेले.

म्हणजे शेवट कुणीच पाहिला नव्हता. शेवटचं जे दिसलं ते चाललेलं जहाज. तानाजींचं म्हणणं, ते घरी परत येत होतं. हरणाबाईंचं म्हणणं, माणूस चंद्रावरून निघाला तो घराकडे न वळता आणखी पुढे, आणखी लांब गेला.

तेव्हा प्रांजल दाराशी येऊन बसली होती. सहीचं बोलणं चाललंय हे तिला माहीत होतं. पण तिने सहीबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, "आज्जी, शेवटाला जहाज कुठल्या अंगाला चाललं हुतं?"

हरणाबाईंनी उजवा हात लांब करून दाखवला. "हिकडं."

"आन आजोबा, तुमी बघितलं तवा?"

तानाजींनीही उजवाच हात लांब केला.

मी म्हटलं, आता झाली का पंचाईत! दोघांनी एकच जहाज एकाच बाजूला जाताना पाहिलं, मग एकाला ते येताना दिसलं आणि दुसरीला जाताना?

प्रांजलने पुढचं विचारलं. पहिल्यांदा घरून निघालं तेव्हा ते कुठल्या अंगाला गेलं?

"उजव्याच," हरणाबाई म्हणाल्या. "म्हणून तर सांगत्ये. जाताना उजव्या अंगाला गेलं आन दिवा लावून झाल्यावर आणखी उजव्या अंगाला गेलं. वळलंच न्हाई."

"डाव्या," तानाजी म्हणाले. "डाव्या अंगाला गेलं, उजव्या अंगानं आलं. सरळ हाय. हिला नऊ वर्साची असताना डावं-उजवं कळत नव्हतं."

"तुला आजून कळत न्हाई. तुझी चप्पल बघ, कुठली कुठल्या पायात हाय."

तानाजींनी खरोखर पायाकडे पाहिलं. चपला बरोबर होत्या. प्रांजल हसली, पण मला दिसलं की तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं.

उठताना हरणाबाई मला म्हणाल्या की तो पिक्चर कुठे मिळत असेल तर दाखवा. तो माणूस परत आला असेल तर सूरजला सही करू देते. त्या हे हसत म्हणाल्या, पण थट्टेत म्हणाल्या नाहीत. प्रांजल आजवर एकदाही घरच्यांना सोडून झोपलेली नव्हती. पोरीला लांब पाठवायची भीती सांगायला त्यांच्याकडे दुसरे शब्द नव्हते, म्हणून त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीचं ते जहाज पुढे केलं, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या जहाजाचं पुढे काय झालं, हे मलाही जाणून घ्यायचं होतं.

माझा एक जुना विद्यार्थी, दिग्विजय, पुण्यात संगणकाचं काम करतो आणि त्याला जुन्या सिनेमांचा नाद आहे. मी त्याला फोनवर एवढंच सांगितलं: चंद्रावरचा दिवा, एकटा माणूस, बोलणारं यंत्र. तो लगेच म्हणाला, "गुरुजी, तो अजून जगभर बघतात लोक. त्याच्या शेवटावरून भांडतात." मी त्याला तिथेच थांबवलं. शेवट सांगू नकोस, म्हटलं. दोन दिवसांत आटपाडीच्या एका पोराबरोबर पेनड्राइव्ह आला. चालतो की नाही हे बघायला मी घरी लावला आणि यंत्र बिघडून जहाज अंधारात चालू लागलं तिथे बंद केला. पुढचा मुद्दाम पाहिला नाही. शिक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असलं की मुलं त्याच्या तोंडाकडे बघतात, फळ्याकडे नाही.

शनिवारी दुपारी शाळा भरली. शाळेत प्रोजेक्टर आहे. तिथल्या बाई, संयोगिता मॅडम, यांनी तो लावून दिला. पण वर्गात उजेड फार. मग मुलांनी घरोघरून घोंगड्या आणल्या आणि खिडक्यांना बांधल्या. वर्गभर लोकरीचा वास भरला. प्रांजलने हट्ट धरला की पडदा भिंतीवर नको, तंबूत होता तसा मधोमध हवा. म्हणून तिच्या बापाचं पांढरं धोतर वर्गाच्या मध्ये दोरीवर ताणून बांधलं. पातळ कापड, त्यामुळे चित्र दोन्हीकडून दिसत होतं.

तानाजी आल्याआल्या धोतराच्या मागे जाऊन बसले. त्या दिवशीही आपण मागेच होतो, म्हणाले. बापाने त्यांना तंबूमागे मेंढ्यांच्या राखणीवर ठेवलं होतं आणि मागून फुकटात दिसत होतं. हरणाबाई पुढे मुलांत बसल्या, कारण त्या दिवशी त्या आईच्या मांडीवर पुढे बसल्या होत्या.

पिक्चर सुरू झाला. मला वाटलं होतं, आताची मुलं हसतील. जहाज पत्र्याच्या पिंपासारखं होतं आणि चंद्र तर सरळ सरळ मातीचा ढिगारा. पहिली पाच मिनिटं ती हसलीही. मग तो माणूस जहाजाच्या खिडकीतून आपल्या गावाकडे बघतो, गाव एका ठिपक्याएवढं होतं आणि तो यंत्राला विचारतो की एवढ्यात माझं घर कुठलं. यंत्र म्हणतं, मला एकच ठिपका दिसतो. तिथून पुढे कुणी हसलं नाही. चौथीतला एक मुलगा उभा राहून बघत होता, त्याला कुणी खाली बस म्हटलं नाही.

जहाज उजवीकडे गेलं. आम्हा पुढच्यांना सगळ्यांना उजवीकडेच दिसलं. हरणाबाईंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

दिवा लागला आणि मी मध्यंतर केलं. सगळ्यांना मूठमूठ बेदाणे वाटले. तेव्हा प्रांजलने आजीला विचारलं, त्या दिवशी मध्यंतरात तू काय केलंस?

हरणाबाईंना आठवायला वेळ लागला. मग म्हणाल्या की मध्यंतरात दादा हाका मारत आला होता. एक मेंढी व्यायला झाली होती. आई स्वैपाकाला गेली आणि त्या दादाबरोबर तंबूमागे गेल्या. मेंढी व्याली, त्यांनी कोकरू छातीशी धरलं आणि उरलेला पिक्चर तिथूनच, उभ्याने पाहिला.

"तितनंच?" प्रांजलने विचारलं. "मागनं?"

"मागनंच की. कोकरू ओलं हुतं. त्याला टाकून कुटं जाऊ?"

प्रांजलने हातातले बेदाणे मैत्रिणीच्या हातात दिले आणि ती उठून धोतराच्या मागे, तानाजींच्या शेजारी, जाऊन उभी राहिली. बसली नाही. मी पिक्चर पुढे चालू केला.

यंत्र बिघडलं. सगळं गप्प झालं. काळ्या आभाळातून जहाज चालू लागलं. मुलं ओरडली, "डावीकडं! डावीकडं!" आणि पडद्यामागून प्रांजलचा आवाज आला, "उजवीकडं."

मी तिथेच थांबवलं. मुलं तिला हसायला लागली, ती पडद्यामागून भांडायला लागली. थोड्या वेळाने धोतराची कड बाजूला झाली आणि प्रांजल पुढे आली. आजीचा हात धरून म्हणाली, "ऊठ. हिकडं ये जरा."

मी तेवढाच तुकडा परत लावला. हरणाबाईंनी पुढून पाहिलं, जहाज डावीकडे आलं. मग मागे जाऊन पाहिलं, तेच जहाज उजवीकडे गेलं. त्या परत पुढे आल्या, परत मागे गेल्या. असं तीनदा केलं. चौथ्यांदा त्यांनी मला थांबवायला सांगितलं आणि धोतराच्या अगदी कडेला उभ्या राहिल्या, एक डोळा पुढे, एक मागे.

"म्हंजी फिरले ती मीच," त्या सावकाश म्हणाल्या. "जहाज न्हाई."

तानाजींना आता बोलायला जागा होती आणि त्यांनी ती सोडली नाही. "पन्नास वर्सं सांगतोय मी..."

"तू मागंच बसलास, मागंच ऱ्हायलास," हरणाबाई म्हणाल्या. "त्यात तुझं श्यानपण काय?"

पण त्या खाली बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला नव्हता. जहाजातला माणूस परत फिरला होता हे ठरलं. पोचला का, हे कुठे ठरलं होतं? ते इंजिन बंद पडल्यानंतरचं होतं, आणि आता तिथून पुढे आम्ही सगळे सारखेच होतो: सत्तावन्न मुलं, दोन म्हातारी भावंडं, सूरज, मॅडम आणि मी. मी बटण दाबलं.

जहाज उतरलं. माणूस शिडीवरून खाली आला. त्याचंच गाव होतं ते, आधी दाखवलेलं. पण गाव उठून गेलं होतं. घरांना दारं नव्हती. आडावर दोर नव्हता. तो एकेका घरात डोकावत फिरला, मग परत येऊन जहाजाच्या शिडीवर बसला. बराच वेळ नुसता बसलेला. मग त्याने मान वर केली. लांब, जिथे जमीन आणि आभाळ मिळतात तिथे, बारीक काळे ठिपके दिसले, हलणारे. तो उठून उभा राहिला आणि पिक्चर संपला.

खरंच संपला. पांढरी अक्षरं वर सरकायला लागली.

मुलांनी एकच गलका केला. ती माणसं त्याला घ्यायला येतायत का गाव सोडून चाललीत? अर्धी म्हणाली येतायत, अर्धी म्हणाली जातायत. मी तो शेवट दोनदा लावला. ठिपके मोठे होत होते का? पाच-सहा सेकंदांचं चित्र, तेही जुनं, थरथरणारं. मला काही ठरवता येईना. दिग्विजय म्हणाला होता की जगभर लोक भांडतात, ते यावरूनच असणार. मी प्रांजलकडे पाहिलं. ती आजीकडे बघत होती. तिला सातारा दिसत होता, हे मला कळत होतं, आणि मी तिला काही देऊ शकत नव्हतो.

हरणाबाई उठून धोतराजवळ गेल्या. "गुरुजी, आवं, त्ये एकडाव थांबवा. ठिपक्यापाशी."

मी थांबवलं. त्यांनी डोळे बारीक केले. या बाईने पन्नास वर्षं रोज संध्याकाळी माळावर लांब बघून आपली मेंढरं ओळखली आहेत. आम्ही सगळे पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघू लागलो.

"येत्यात," त्या म्हणाल्या.

कशावरून, असं मी विचारलं.

"पाय दिसत्यात." त्यांनी कापडावर बोट ठेवलं, आणि खरंच, ठिपक्यांच्या खाली बारीक काड्यांसारखं काहीतरी होतं. "जाणाऱ्याची धूळ मागं उडती. म्हंजी त्याच्या आन आपल्या मधी. मग पाय दिसत न्हाईत, नुसती धूळ दिसती. येणाऱ्याची धूळ त्याच्या पाठीमागं ऱ्हाती. ही बघा धूळ, पाठीमागं हाय. पाय मोकळं हायत."

मी जवळ जाऊन पाहिलं. ठिपक्यांच्या मागे आभाळ थोडं पांढुरकं होतं. मी ते आधी खराब रीळ समजलो होतो. वारा कुठून होता हे विचारायचं माझ्या मनात आलं, पण मी गप्प बसलो. ते मुलांनी पुढे कधीतरी विचारावं.

मुलं एकेक करून पडद्यापाशी येऊन पाय बघून गेली. हरणाबाई मात्र धोतराकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या मनात तो जहाजातला माणूस होता. म्हणाल्या, त्याच्या मागं त्याचं घर हललं, आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपलं तर घर रोजच उठतं. सांगितलं की झालं. मग सूरजला जवळ बोलावून म्हणाल्या, "यंदा कराडवरनं वळायचं न्हाई. साताऱ्यावरनं जायाचं."

सूरजने हिशेब केला. साताऱ्यावरून गेलं तर दोन मुक्काम वाढतात आणि वाटेत चारा कमी.

"वाढू देत."

"मेंढरांस्नी इचारलंस का?" तानाजी म्हणाले.

"मेंढरं माझ्या मागनं येत्यात. तू तेवढा आला न्हाईस." त्यांनी प्रांजलकडे हात केला. "आण तुजा कागूद. बापाची सही घे. आन गुरुजीस्नी इचार, त्या शाळेला गच्ची हाय का."

सूरजने तिथेच, बाकावर फॉर्म ठेवून सही केली. प्रांजलने खिडक्यांवरच्या घोंगड्या सोडायला सुरुवात केली आणि वर्गात उन्हाचा लोट आला.

सोमवारी मी स्वतः एसटीने साताऱ्याला जाऊन फॉर्म दिला. शाळेला गच्ची होती. मी चढून पाहिली.

दिवाळीनंतर तळ हलला. मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी शाळेच्या फोनवरून प्रांजलचा फोन आला. आदल्या रात्री घरच्यांचा निरोप आला होता, म्हणून पहाटेपासून ती दोन मैत्रिणींना घेऊन गच्चीत उभी होती. तिने सांगितलं की आधी नुसतीच धूळ दिसली आणि मैत्रिणी म्हणाल्या, अगं, तो ट्रक असेल, निघून चाललाय. ती त्यांना म्हणाली, थांबा, घाई करू नका.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग पाय दिसले, गुरुजी. मेंढ्यांचे. लय पाय."

मागे मुलींचा गोंधळ ऐकू येत होता. मला वाटलं, फोन ठेवेल. पण तिला आणखी एक विचारायचं होतं. ज्यांनी तो पिक्चर काढला, त्यांनी ती धूळ मुद्दाम पाठीमागे ठेवली होती, की त्या दिवशी वारा तसा होता?

मी खरं ते सांगितलं, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी मी पेनड्राइव्ह काढला आणि तो शेवट पुन्हा लावला. नंतर पुन्हा एकदा लावला.